ऑडिट संपलं, न्यायही संपला

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना एक प्रकार चांगलाच ठाऊक असतो. ऑडिटर येणार म्हटलं की रातोरात कागदपत्रं तयार होतात. तो गेला की पुन्हा ये रे माझ्या मागल्या. माझं म्हणणं असं, की सर्बियाने युद्धानंतरच्या न्यायाचं नेमकं हेच केलं. आणि हे त्याला शिकवलं युरोपनेच.

तारखा बघा. २८ जून २००१ ला मिलोशेविचला हेगच्या न्यायाधिकरणाकडे सोपवलं. दुसऱ्याच दिवशी ब्रसेल्समध्ये मदत देणाऱ्या देशांची परिषद होती. स्रेब्रेनित्सात १९९५ साली आठ हजारांहून जास्त बोस्नियन मुस्लीम पुरुष आणि मुलगे मारले गेले. त्या प्रकरणातला जनरल म्लादिच थेट २०११ मध्ये सापडला, तोही सर्बियातल्याच एका गावात. मार्च २०१२ मध्ये सर्बियाला युरोपियन युनियनच्या उमेदवाराचा दर्जा मिळाला.

मग काय झालं? कोसोवोतल्या गुन्ह्यांसाठी शिक्षा झालेला जनरल लाझारेविच २०१५ च्या डिसेंबरात सरकारी विमानाने परतला, सोबत मंत्री. २०१७ मध्ये त्याला लष्करी अकादमीत व्याख्यानाला बोलावलं. दरम्यान युद्धगुन्ह्यांच्या मुख्य सरकारी वकिलाची खुर्ची जवळपास दीड वर्ष रिकामी होती. २०१७ संपताना न्यायाधिकरण बंद झालं. २०२१ मध्ये बेलग्रेडच्या भिंतीवर म्लादिचचं चित्र झळकलं. त्यावर अंडी फेकणाऱ्या बायकांना पोलिसांनी उचललं. चित्र मात्र जागेवरच राहिलं.

काहीजण म्हणतात, ‘बघा, बाहेरच्या दबावाने काही होत नाही. देशाला पुढे जाऊ द्या.’ साफ चूक! दबाव नसता, तर म्लादिच आपल्या अंथरुणात म्हातारा होऊन मेला असता. आणि पूर्वीच्या युगोस्लाव्हियातले हजारो लोक आजही बेपत्ता आहेत. त्यांच्या घरच्यांनी पुढे जायचं तरी कुठे?

खोट दबावात नव्हती, मागणीत होती. युरोपने माणसं मागितली. माणूस विमानात बसवून पाठवला की काम फत्ते. लष्कराची दफ्तरं उघडा, शाळेच्या पुस्तकात खरं लिहा, सरकारी वकिलाला माणसं आणि अधिकार द्या, हे तितक्याच जोराने कुणी मागितलं नाही. दबाव ओसरल्यावरही टिकलं असतं, ते हेच.

बेलग्रेडमध्ये काळे कपडे घातलेल्या बायका दर जुलैला स्रेब्रेनित्साच्या मृतांसाठी चौकात मूक उभ्या राहतात. शिव्या खातात. त्यांना कुठल्याही युनियनचं सदस्यत्व मिळणार नसतं. न्यायाचा पाया तिथे आहे, आणि युरोपने सगळ्यात कमी जोर लावला तोही तिथेच.