बोलेस्वाव्येत्सची माती

वाचकहो, पोलंडला जाणारा भारतीय प्रवासी बहुधा वॉर्सा व क्राकूव ही दोन शहरे पाहून परततो. आज मात्र आपणांस जरा आडवाटेने नेण्याचा विचार आहे. पोलंडच्या नैर्ऋत्य भागात, जर्मनीच्या सरहद्दीपासून थोड्याच अंतरावर, बूब्र नदीच्या काठी बोलेस्वाव्येत्स नावाचे एक लहान शहर आहे. वस्ती चाळीस हजारांच्या आत. नाव उच्चारताना आपली जीभ दोनदा अडखळते खरी. परंतु पांढुरक्या अंगावर निळ्या ठिपक्यांची नक्षी असलेली तेथील भांडी दूरदूरच्या देशांतील स्वयंपाकघरांत मानाने मांडलेली आढळतात. या भांड्यांची कहाणी जितकी हस्तकौशल्याची, तितकीच माणसांच्या स्थलांतराची आहे, आणि म्हणूनच ती आपणांस सांगावीशी वाटते.

व्रोत्स्वाफ शहराहून पश्चिमेकडे जाणाऱ्या आगगाडीत बसावे. शंभरावर किलोमीटरचा प्रवास झाला की बोलेस्वाव्येत्स येते. बूब्र नदीवरचा तेथील रेल्वेपूल मुद्दाम पाहण्यासारखा आहे. सुमारे ४९० मीटर लांबीचा, दगडी कमानींचा हा पूल १८४६ साली पुरा झाला. १९४५ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने तो सुरुंगाने फोडला आणि पुढे त्याची डागडुजी होऊन वाहतूक पुन्हा सुरू झाली. गावाच्या मध्यभागी चौक आहे, चौकात नगरभवनाची जुनी वास्तू आहे आणि भोवती रंगीत दर्शनी भिंतींची घरे आहेत. नेपोलियनला रशियातून परतवून लावणारा सेनापती कुतुझोव्ह १८१३ साली याच गावी मरण पावला. पण प्रवासी येथे येतात ते सेनापतीसाठी नव्हे, मातीसाठी!

बूब्र आणि क्विसा या दोन नद्यांच्या परिसरात उत्तम प्रतीची चिकणमाती सापडते. ती कडक आचेत भाजली म्हणजे भांडे दगडासारखे घट्ट होते आणि पाणी झिरपू देत नाही. आपल्याकडील लोणच्याच्या बरण्या ज्या जातीच्या, त्याच जातीचे हे काम. कुंभारांचा संघ येथे सोळाव्या शतकापासून नांदत होता. अठराव्या शतकातील भांडी तपकिरी झिलईची असत आणि त्यांवर पांढऱ्या मातीची उठावदार वेलबुट्टी चिकटवलेली असे. गरम कॉफीने ती सहसा तडकत नसत, म्हणून कॉफीच्या किटल्यांसाठी गावाचे नाव दूरवर गेले. १७५३ साली योप्पे नावाच्या कुंभाराने पुरुषभर उंचीहूनही मोठा, दोन मीटरांवर उंचीचा एक रांजण घडवला. हा महारांजण पाहण्यास परगावचे लोक मुद्दाम वाट वाकडी करून येत. १८०० साली या प्रांतातून प्रवास करणारे जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स, जे पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले, त्यांनीही या गावास भेट दिली होती.

त्या काळी गावाचे नाव बोलेस्वाव्येत्स नव्हते, ते बुन्त्स्लाऊ होते. सायलेशिया हा प्रांत मध्ययुगात पोलिश राजवंशाकडे होता. पुढे तो बोहेमियाच्या, मग ऑस्ट्रियाच्या आणि अठराव्या शतकाच्या मध्यास प्रशियाच्या ताब्यात गेला. गावची वस्ती जर्मन होती व कुंभारही जर्मनच. १८९७ साली येथे मातीकामाचे शास्त्रशुद्ध शिक्षण देणारी शाळा निघाली आणि रसायनाचे ज्ञान पिढीजात अनुभवाच्या जोडीस आले. याच सुमारास स्पंजाच्या तुकड्यावर नक्षी कोरून ती ठशासारखी भांड्यावर उमटवण्याची पद्धत रूढ झाली. निळा ठिपका आणि त्याभोवती कडे, अशी 'मोराच्या डोळ्या'ची खूण याच पद्धतीतून लोकप्रिय झाली.

मग १९४५ साल उजाडले. महायुद्धाच्या अखेरच्या महिन्यांत गावाचा बराच भाग उद्ध्वस्त झाला. योप्पेचा महारांजणही त्याच वर्षी नाहीसा झाला. विजेत्या राष्ट्रांनी पोलंडच्या सीमा पश्चिमेकडे सरकवल्या आणि बुन्त्स्लाऊ पोलंडमध्ये आले. येथील जर्मन रहिवाशांना घरदार सोडून जावे लागले. त्यांच्यासोबत कुंभारही गेले. त्यांच्यापैकी काहींनी पश्चिम जर्मनीत नव्याने चाके मांडली आणि जुन्या गावाच्या नावानेच भांडी घडवणे चालू ठेवले. रिकाम्या झालेल्या गावात जे आले, तेही उखडलेलेच होते. पूर्वेकडील जो मुलूख आता लिथुआनिया, बेलारूस आणि युक्रेन या देशांत आहे, तेथून हजारो पोलिश कुटुंबे पश्चिमेकडे आणली गेली. काही कुटुंबे तर थेट बोस्नियातून आली. त्यांचे पूर्वज पन्नास वर्षांपूर्वी तेथे शेतीसाठी जाऊन राहिले होते.

मराठी वाचकांस या घटनेचा एक धागा ओळखीचा वाटेल. याच पूर्वेकडील मुलखातून १९४० व १९४१ साली सोव्हिएत सत्तेने लाखो पोलिश माणसे सैबेरियात व मध्य आशियात हद्दपार केली होती. त्यांतून सुटलेल्या सुमारे पाच हजार लोकांना १९४३ पासून १९४८ पर्यंत आपल्या कोल्हापूरनजीकच्या वळिवडे येथील छावणीत आसरा मिळाला होता. ज्या मुलखातील माणसे पंचगंगेच्या परिसरात विसावली, त्याच मुलखातील दुसऱ्या माणसांना बूब्र नदीकाठी परक्यांच्या रिकाम्या घरांत संसार मांडावा लागला.

नव्या रहिवाशांत बहुतेक शेतकरी होते. भट्ट्या होत्या, त्या मोडक्या अवस्थेत. माती होती, पण ती ओळखणारे हात निघून गेले होते. अशा वेळी क्राकूवहून आलेले मातीकामाचे जाणकार ताडेउश शाफ्रान यांच्यासारख्यांनी उरलेसुरले साहित्य सांभाळले, नवख्या माणसांना हाताशी धरले आणि काम पुन्हा सुरू केले. १९५० मध्ये कलात्मक मातीकामाची सहकारी संस्था स्थापन झाली. तेथे इझाबेला झ्द्झाउका या कलावतीने स्पंजाच्या ठशांची जुनी रीत पुन्हा वापरात आणली. १९६० नंतर ब्रोनिस्वाफ वोलानिन या कलाकाराने गावातील मोठ्या कारखान्यासाठी कित्येक दशके नवनवे आकार व नक्ष्या योजल्या. मोराचा डोळा जुनाच राहिला; तो रेखणारी बोटे मात्र नवी होती.

हे काम कसे चालते, ते कारखान्यात शिरून पाहावे. काही कारखान्यांत पाहुण्यांस आत नेऊन दाखवण्याची सोय आहे. मळलेली माती चाकावर किंवा साच्यात आकार घेते, कडा हाताने पुसून नीट केल्या जातात व कान चिकटवले जातात. सुकल्यावर भांडे एकदा हलक्या आचेत भाजतात. मग ते रंगकाम करणाऱ्या स्त्रियांच्या लांब मेजांवर येते. प्रत्येकीपुढे कोरलेल्या स्पंजांचे ठसे आणि रंगाच्या वाट्या मांडलेल्या असतात. एका हाताने बशी फिरवायची, दुसऱ्या हाताने ठसा रंगात टेकवायचा आणि अचूक जागी दाबायचा. ठिपक्याशेजारी ठिपका आणि पाकळीशेजारी पाकळी, अशी एका बशीवर शेकडो वेळा हाताची उचल होते. पट्टी नाही की खुणेची रेघ नाही. ओळ पुरी होऊन पहिल्या ठिपक्यास भिडते तेव्हा अंतर कसे बरोबर साधते, याचे नवल वाटल्याखेरीज राहत नाही. आपल्या दारी रांगोळीचे ठिपके मांडणाऱ्या गृहिणीस ते नवल थोडे कमी वाटेल, इतकेच! त्यानंतर भांडे झिलईत बुडवतात आणि एवढ्या कष्टाची नक्षी दाट लेपाखाली पार झाकून जाते. दुसऱ्या वेळी सुमारे १२५० अंश उष्णतेत भाजल्यावर ती झिलई काचेसारखी पारदर्शक होते आणि खालचा कोबाल्टचा निळा रंग खुलून दिसतो. नक्षी झिलईखाली असल्यामुळे वर्षानुवर्षे घासूनही ती झिजत नाही.

आपल्यापैकी कुणाच्या घरी असे भांडे आले, तर एखादी गोष्ट ध्यानात असावी. ही भांडी केवळ शोभेची नव्हेत, रोजच्या वापराची आहेत. भट्टीत पदार्थ भाजण्यासही ती चालतात. तथापि थंडगार भांडे एकाएकी कडक आचेत ठेवू नये, किंवा तापलेल्या भांड्यावर गार पाणी ओतू नये. विकत घेताना ते उलटे करून तळ पाहावा. कारखान्याची मोहोर तेथे असते आणि काही खास भांड्यांवर रंगवणाऱ्या स्त्रीची सहीसुद्धा असते. दुकानांत प्रतीनुसार किमती वेगळ्या असतात. बारीकसा डाग किंवा झिलईतील टोचणी एवढ्याच कारणाने दुय्यम ठरलेले भांडे स्वस्तात मिळते आणि स्वयंपाकघरात ते कुठेही उणे पडत नाही.

प्रवासाचा काळ आपल्या हाती असेल, तर ऑगस्ट महिना निवडावा. त्या महिन्यात येथे मातीकामाचा मोठा उत्सव भरतो. चौकात दुकाने थाटली जातात. 'ग्लिन्याडा' नावाच्या मिरवणुकीत लहानथोर माणसे अंगास ओली माती फासून जिवंत पुतळ्यांसारखी नाचत जातात. गावातील मातीकामाच्या संग्रहालयास भेट देण्यास मात्र विसरू नये. तेथे अठराव्या शतकातील तपकिरी किटल्या आणि आजच्या निळ्या बशा एकाच छपराखाली मांडल्या आहेत. ज्यांना गाव सोडावे लागले त्यांचे काम नव्या रहिवाशांनी फेकून दिले नाही. ते जपले आणि त्यावरून स्वतः शिकले.

ही शिकवण त्या निळ्या नक्षीइतकीच मोलाची आहे. कला ही रक्तातच असावी लागते, परंपरा केवळ वंशानेच चालते, असे आपण सहज बोलून जातो. बोलेस्वाव्येत्सची गोष्ट तसे सांगत नाही. तेथे एक संपूर्ण पिढी परागंदा झाली. जे आले त्यांना चाक फिरवणेही ठाऊक नव्हते. तरी जुने काम मोलाचे आहे हे ओळखणारी चार माणसे निघाली, शिकवणारे भेटले, शिकणाऱ्यांनी कमीपणा मानला नाही आणि कला टिकली. जुन्यांवर झालेला अन्याय त्यामुळे पुसला जात नाही, नव्यांचे कष्टही त्यामुळे उणे ठरत नाहीत. आपल्या देशातही कित्येक कुंभारवाड्यांतली चाके वारस नाही म्हणून थांबत आहेत. अशा वेळी वारस घरातलाच हवा की शिकू इच्छिणारा कुणीही चालेल, हा प्रश्न आपण स्वतःस विचारून पाहावा. बूब्रकाठच्या मातीने त्याचे उत्तर केव्हाच दिले आहे.