रान आपले, गाणे त्यांचे; गल्ला कुणाचा?



फ्रान्समध्ये बोर्डो नावाचे जुने बंदर आहे. त्याच्या वायव्येला मेदोक नावाची जमिनीची एक लांबट पट्टी आहे. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला जिरोंदची खाडी. जगातल्या अतिमहाग वाईन जिथे होतात त्यांत या पट्टीचे नाव पहिल्या रांगेत. तिथे वेर्तय नावाचे खेडे आहे. वस्ती दीड हजाराच्या आत, एक जुना मठ आणि भोवती द्राक्षबागा. या खेड्याच्या मोकळ्या रानात ऑगस्टमध्ये तीन दिवस गाण्याची जत्रा भरते. नाव 'रेगे सन स्का'. हजारो पोरेपोरी येतात, तंबू ठोकून राहतात आणि रात्री उघड्यावर गाणे ऐकतात.

निफाड-दिंडोरीच्या द्राक्षवाल्याने हे कशाला वाचायचे, असे कोणी विचारील. वाचायचे, कारण असा उत्सव आपल्या दाराशीही आलेला आहे. नाशिकजवळ गोवर्धनच्या शिवारात २००८ पासून एका वाईनरीच्या आवारात 'सुला फेस्ट' भरू लागला. २०२० नंतर काही वर्षे तो थांबला आणि २०२५ मध्ये पुन्हा भरला. उद्या तुमच्या-माझ्या गावातही कोणी माळरान मागायला येईल. तेव्हा गावात दोन तट पडतील. एक तट म्हणेल, गावाचे सोने होणार. दुसरा म्हणेल, गावाची संस्कृती बुडणार. खरा प्रश्न या दोन्ही तटांच्या ध्यानात येणार नाही. तो प्रश्न एवढाच, की फाटकावरचा गल्ला कुणाच्या हातात?

उसाच्या फडातून आलेले गाणे

रेगे म्हणजे गोऱ्या श्रीमंतांचे गाणे अशी समजूत असेल तर ती काढून टाका. हे गाणे जमैका बेटावरचे. आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांकडून तिथे इंग्रज मळेवाले ऊस पिकवून घेत. १८३८ मध्ये ते गुलाम पूर्ण मोकळे झाले. मग मळ्यांना मजूर हवे म्हणून १८४५ पासून हिंदुस्थानातून करारावर माणसे नेली. त्यांनी नेलेला 'गांजा' हा शब्द तिथे अजून जसाच्या तसा आहे. खेड्यात पोट भरेना म्हणून माणसे किंग्स्टन शहराच्या झोपड्यांत आली आणि तिथे १९६० च्या दशकाच्या अखेरीस रेगे जन्मले. या गाण्याचा जगभर गाजलेला गायक बॉब मार्ली १९४५ मध्ये डोंगरातल्या नाइन माइल या खेड्यात जन्मला. तो १९८१ मध्ये वारला. २०१८ मध्ये युनेस्कोने रेगेला मानवजातीच्या वारशात जागा दिली.

मानाची जागा मिळाली, पण पैसा? सुरुवातीच्या काळात तिथल्या कितीतरी गायकांना एका गाण्याचे ठोक पैसे देऊन वाटेला लावत. तबकड्या पुढे लाखांनी खपल्या तरी गायकाला त्यातला वाटा नसे. आपल्याला हे ओळखीचे वाटते ना? बागेतला माल किलोच्या भावाने उचलायचा आणि पुढची सगळी कमाई दुसऱ्याने करायची. ऊस असो, द्राक्ष असो की गाणे, कच्चा माल ठोकाने विकणाऱ्याची गत सगळीकडे सारखीच होते.

बोर्डोचाही या कथेशी संबंध आहे. अठराव्या शतकात या बंदरातून वाईन आणि पीठ घेऊन जहाजे फ्रान्सच्या वसाहतींत, मुख्यतः आज ज्याला हैती म्हणतात तिथे, जात आणि साखर-कॉफी घेऊन परत येत. काही जहाजे आधी आफ्रिकेला जाऊन माणसे भरून नेत. बोर्डोतल्या व्यापाऱ्यांचे वाडे त्या साखरेवर उभे राहिले. हैती हे जमैकाचे शेजारचेच बेट. तेव्हा उसाच्या मळ्यातल्या गुलामांच्या वंशजांचे गाणे त्या बंदराच्या शिवारात वाजते, यात नवल काही नाही.

एकाच शिवारात भारत आणि इंडिया

मेदोक म्हटले की आपल्याला वाटते, तिथला प्रत्येक बागवाला राजा असणार. तसे नाही. १८५५ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनासाठी बोर्डोच्या दलालांनी नामांकित मळ्यांची एक यादी केली. भाव हीच त्यांची कसोटी. पावणेदोनशे वर्षे होत आली, तरी ती यादी जवळजवळ तशीच चालू आहे. वेर्तयहून दहा-बारा किलोमीटरवर पोईयाक आहे. पहिल्या दर्जाच्या पाच मळ्यांपैकी तीन त्या एका गावच्या हद्दीत. ज्याचे नाव यादीत आले त्याच्या सात पिढ्यांची सोय झाली.

यादीबाहेरच्या लहान बागवाल्याचे काय? पोईयाकच्याच लहान शेतकऱ्यांनी १९३३ च्या मंदीत एकत्र येऊन सहकारी वाईनरी काढली. एकट्याला व्यापारी दाद देत नव्हता म्हणूनच काढली. आजही बोर्डोतला साधा बागवाला आपली वाईन व्यापाऱ्याला ठोकाने देतो. तिथले माप नऊशे लिटरचे. गेल्या काही वर्षांत त्या नऊशे लिटरला हजार युरोही मिळेनात आणि पिकवण्याचा खर्चही निघेना. फ्रान्समध्ये लाल वाईन पिणारे घटले, चीनची मागणी पडली. डिसेंबर २०२२ मध्ये बागवाले बोर्डोच्या रस्त्यावर उतरले.

त्यावर सरकारने काय केले? २०२३ मध्ये बागा उपटायची योजना आणली. हेक्टरी ६,००० युरो, म्हणजे तेव्हाच्या दराने एकरी दोन लाख रुपयांच्या थोडे वर. साडेनऊ हजार हेक्टरांसाठी ५.७ कोटी युरो. कागदावर कारण दिले रोगराईचे, की सोडून दिलेल्या बागांतून रोग पसरतो. बागा का सोडून दिल्या, ते कागदावर लिहायची गरज कोणाला वाटली नाही. भाव नव्हता म्हणून सोडल्या.

ज्या जिल्ह्यात ऑगस्टमध्ये हजारो गिऱ्हाईक रानात येऊन नाचते, त्याच जिल्ह्यात बागवाला पैसे घेऊन वेली उपटतो. गिऱ्हाईक नाही असे नाही. गिऱ्हाईक आणि पिकवणारा यांची गाठ पडत नाही, हे दुखणे आहे. आणि तीन दिवसांच्या जत्रेने उरलेल्या ३६२ दिवसांचा भाव ठरत नाही, हेही तितकेच खरे.

आपण उपटल्या त्या पदरमोड करून

आपल्याकडे २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणले, करसवलती दिल्या. 'वाईनची द्राक्षे लावा' असा सल्ला सगळीकडून आला. लोकांनी शिराझ लावली, कॅबरने लावली, शेनिन लावली. २००८ मध्ये जगात मंदी आली, वर्षअखेर मुंबईवर हल्ला झाला, पर्यटक आटले. वाईनऱ्यांच्या टाक्या भरलेल्या राहिल्या, काही लहान वाईनऱ्यांना कुलपे लागली, आणि करार हातात असूनही माल वेलीवर राहिला. ही द्राक्षे खायला बाजारात नेता येत नाहीत. दाणा लहान, बी मोठी. शेवटी आपणही वेली उपटल्या. फरक एवढाच, की फ्रेंच बागवाल्याला उपटायचे पैसे मिळाले आणि आपण सोसायटीच्या कर्जावर कर्ज काढून उपटल्या.

दारूचा प्रश्न टाळू नका

या विषयावर मायबहिणींच्या मनात शंका आहे आणि ती रास्त आहे. १९८६ मध्ये याच जिल्ह्यात चांदवडला लाखो शेतकरी महिला जमल्या होत्या. त्यानंतर गावोगाव दारूच्या दुकानांविरुद्ध बाया उभ्या राहिल्या. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या किराणा दुकानांत वाईन ठेवायचा निर्णय सरकारने घेतला, तेव्हा 'वाईन म्हणजे दारू नव्हेच' असे सांगितले गेले. हे खरे नाही. वाईनमध्ये शेकडा बारा ते चौदा मद्यार्क असतो. ज्या फ्रान्सचे दाखले आपल्याला देतात, त्या फ्रान्सने १९९१ मध्ये कायदा करून दारूच्या जाहिरातीवर बंधने घातली, आणि ती वाईनलाही लागू आहेत.

द्राक्षाला भाव मिळावा म्हणून कुणाच्या घरातला पगार बाटलीत जावा, असे आपण कधीही म्हणणार नाही. पण शहरातला माणूस शहरात पितोच, आणि ती कमाई कारखानदाराची व सरकारची होते. तेव्हा बोलायचे तर हिशोबाने बोलू. गावात दुकान नको, आणि पिकवणाऱ्याचा वाटा मात्र हवा. या दोन मागण्यांत विरोध नाही.

माळ मागायला आले तर

मेदोकचा तो उत्सव १९९८ मध्ये सुरू झाला. २०१० मध्ये तो पोईयाकला गेला, २०१४ मध्ये बोर्डो शहरातल्या विद्यापीठाच्या आवारात, आणि २०१८ मध्ये पुन्हा खेड्यात, वेर्तयला आला. उत्सव उठून जाऊ शकतो, बाग उठून जाऊ शकत नाही. म्हणून बोली आधी झाली पाहिजे, आणि ती लेखी झाली पाहिजे. जिल्हा बैठकीपुढे माझ्या सूचना अशा:

१. जमिनीचे नुसते ठोक भाडे घेऊ नये. तिकिटाच्या विक्रीत ठरलेला वाटा घ्यावा आणि तो रोजच्या रोज मोजून घ्यावा.

२. बेदाणा, खायची द्राक्षे, रस आणि गावच्या बायकांच्या हातचे जेवण विकायला गावाला जागा मोफत हवी. सगळे गाळे एकाच ठेकेदाराला देऊ नयेत.

३. आपल्याकडे फेब्रुवारीत ऐन काढणी असते. मालाच्या गाड्यांना रस्ता रात्रंदिवस मोकळा हवा. गाड्या लावायला पडीक रान वापरावे. बागेची नासधूस झाली तर भरपाईची रक्कम आधी अनामत ठेवावी.

४. ग्रामसभेची आणि महिला ग्रामसभेची परवानगी वेगवेगळी घ्यावी. रात्री दहानंतर कर्णा बंद, हा कायदा गावातही आहे. म्हातारी माणसे आणि गोठ्यातली जनावरे झोपतात, त्यांचाही विचार व्हावा.

५. सगळ्यात महत्त्वाचे: शेतकऱ्याला स्वतःच्या द्राक्षाची वाईन स्वतः करून स्वतःच्या नावाने विकायची मोकळीक हवी. फ्रान्समधला दहा एकरवाला आपल्या दारात आपली बाटली विकतो. आपल्याला मात्र परवान्यासाठी इतक्या टेबलांपुढे उभे राहावे लागते, की ते काम फक्त भांडवलवाल्यालाच जमते. ही बंधने उठली नाहीत तर उत्सव कितीही भरले तरी आपण पार्किंगच्या पावत्या फाडणारेच राहू.

गाण्याला आपला विरोध नाही. आपल्याही जत्रांत रात्र-रात्र तमाशा झाला, भारुडे झाली, आणि पोरे नाचली म्हणून गाव बुडाले नाही. गाव बुडाले ते भावाने. पोरांनी खुशाल नाचावे. पण आपण फाटकापाशी उभे राहून हिशोब विचारला पाहिजे, आणि तो एकट्या-दुकट्याने नव्हे, संघटनेने विचारला पाहिजे.

बैठकीला येताना गावातले करार आणि वाईनऱ्यांशी झालेल्या जुन्या बोलीचे कागद बरोबर आणा. उरलेले तिथे बोलू.