जुनी गाडी आणि खरा आकडा

गेल्या महिन्यात व्याख्यान आटोपून उपाश्रयाच्या पायऱ्या उतरत असताना डोंबिवलीच्या एका तरुण श्रावकाने मला गाठले. कापडाचा व्यापार, घरी आईवडील, पत्नी आणि दोन मुले. "काका, चार-पाच लाखांत जुनी सेडान घ्यायची आहे. निर्धास्तपणे घेता येईल अशी कोणती?" मी उलट विचारले, "गाडी कोणती ते मागाहून पाहू. विकणारा कोण आहे?" तो हसला. मी प्रश्न टाळतो आहे असे त्याला वाटले असावे. त्याला जे पायरीवर उभ्या उभ्या सांगता आले नाही, ते या महिन्याच्या सदरात लिहितो.

सेडान घ्यावी हा त्याचा विचार मात्र मला पटला. सध्या ज्याला त्याला उंच बैठकीची गाडी हवी आहे, त्यामुळे सेडानची मागणी ओसरली आणि जुन्या बाजारात तिचे भाव तुलनेने उतरले. सात-आठ वर्षे वापरलेली चांगली सेडान आज नव्या लहान गाडीपेक्षा कमी पैशांत मिळते. मालाचे नमुने असोत की यात्रेचे सामान, सेडानची डिकी सर्व पोटात घेते. शहापूरच्या मानस मंदिरापर्यंत जायचे असो की पालिताण्यापर्यंत, लांबच्या रस्त्यावर ती स्थिर चालते. गुडघे दुखणाऱ्या वडीलधाऱ्यांना खालच्या बैठकीवरून उठणे जड जाते, एवढा एक दोष आहे. तेव्हा सौदा करण्यापूर्वी आईवडिलांना एकदा गाडीत बसवून उतरवून पाहावे.

गाडी किती भरवशाची आहे, हे तिच्या यंत्रावर जितके अवलंबून असते तितकेच तिचे सुटे भाग आणि कारागीर मिळतात की नाहीत यावरही असते. याचे उदाहरण आपल्याच परिसरात घडले आहे. सोलापूरच्या जैन कुटुंबात जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना केली. त्यांच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे निघालेली पद्मिनी टॅक्सी म्हणून मुंबईच्या रस्त्यांवर ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावली. ती काही फार आधुनिक गाडी नव्हती, पण गल्लीतला मेकॅनिक डोळे मिटून तिचे इंजिन उघडत असे आणि तिचा भाग कोणत्याही दुकानात मिळे. याच प्रीमियरने नव्वदच्या दशकात फ्रान्सच्या प्यूजो कंपनीशी भागीदारी करून कल्याण-शीळ रस्त्यावरील आपल्या कारखान्यात प्यूजो ३०९ काढली. चालवायला ती पद्मिनीहून कितीतरी सरस होती. परंतु दशक संपण्यापूर्वीच भागीदारी मोडली, कारखान्याचे दार लागले आणि डोंबिवलीत तयार झालेल्या गाडीचे सुटे भाग डोंबिवलीतच शोधत फिरण्याची पाळी मालकांवर आली. शेवरोले २०१७ मध्ये भारतीय बाजारातून गेली आणि फोर्डने २०२१ मध्ये येथील उत्पादन थांबवण्याची घोषणा केली. त्यांच्या गाड्या स्वस्तात मिळतात, त्या याच कारणाने. स्वस्त पाहून हात पुढे करण्यापूर्वी पुढील सात वर्षांचा हिशेब मनाशी करावा.

आता नावे. माझ्या मते या किमतीत पाहण्याजोग्या पेट्रोल सेडान चार आहेत : होंडा सिटी, टोयोटा इटिऑस, मारुती डिझायर आणि सियाझ. इटिऑस २०२० मध्ये आणि सियाझ २०२५ मध्ये बंद झाली, तरी दोन्ही कंपन्या येथे पाय रोवून उभ्या आहेत, त्यामुळे भागांची चिंता नाही. इटिऑस आतून साधी, जवळजवळ रुक्ष आहे. टॅक्सीवाल्यांनी तिच्यावर लाखो किलोमीटर काढले हेच तिचे प्रशस्तिपत्र, आणि तीच तिची अडचणही. कारण टॅक्सीची पिवळी पाटी उतरवून पांढरी लावलेल्या इटिऑस आणि डिझायर बाजारात बऱ्याच फिरतात. नोंदणीचा पूर्वेतिहास पाहिल्याशिवाय त्या घेऊ नयेत. होंडा सिटीचे इंजिन दीर्घायुषी आहे, मात्र जुनी सिटी किंवा टोयोटा कोरोला घेताना एक गोष्ट अवश्य करावी. ताकाटा या जपानी कंपनीच्या एअरबॅगमध्ये दोष आढळल्याने या गाड्या वर्षानुवर्षे टप्प्याटप्प्याने परत बोलावण्यात आल्या. त्या एअरबॅगचा भाग फुटताना धातूचे तुकडे उडू शकतात. चेसिस क्रमांक दिला की अधिकृत केंद्र तो भाग बदलला की नाही ते सांगते, आणि बदलायचा राहिला असेल तर विनामूल्य बदलून देते. एवढ्यासाठी अर्धा तास अवश्य काढावा.

डिझेलचा मोह आपल्या लोकांना फार. पण घर, दुकान, मंदिर आणि पुन्हा घर एवढेच ज्याचे रोजचे फिरणे आहे, त्याला डिझेलचा टर्बो आणि इंजेक्टर यांचा एकच खर्च दोन वर्षांची इंधनबचत गिळून टाकतो. दोन क्लचच्या स्वयंचलित गिअरपेटीबद्दलही मी तेच म्हणेन. आणखी एक नवी बाब : आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि त्यासाठी योग्य अशा गाड्या एप्रिल २०२३ पासून बनू लागल्या. त्याआधीच्या गाडीच्या इंधनवाहिन्या आणि रबरी जोड मेकॅनिककडून तपासून घ्यावेत आणि मायलेज थोडे कमी पडेल हे गृहीत धरावे.

गाडीचा कोणता प्रकार घ्यावा, हाही प्रश्न असतो. सर्वांत वरच्या प्रकारात बहुधा चामड्याच्या बैठका असतात, आपल्या घरात त्या नकोच. सर्वांत खालच्या प्रकारात जुन्या वर्षांत एअरबॅग आणि एबीएस नसत. एबीएस सर्व नव्या गाड्यांना २०१९ मध्ये सक्तीचे झाले. म्हणून कापडी बैठका, दोन एअरबॅग आणि एबीएस असलेला मधला प्रकार निवडावा, मग त्याला वर्षभर शोधावे लागले तरी चालेल.

आता मी विकणाऱ्याचा प्रश्न आधी का विचारला, ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या घरची बारा वर्षांची सेडान विकायला काढली. आकडा होता एक लाख अठरा हजार किलोमीटर. एक दलाल आला, गाडीभोवती फिरला आणि सहज म्हणाला, "शेठ, आकडा साठ हजारांवर आणून देतो. मशीन लावले की दहा मिनिटांचे काम. पाऊण लाख जास्त येतील." चिरंजीव म्हणाले, "बाबा, सगळेच करतात. घेणाराही ते धरूनच भाव करतो." खरे सांगतो, मी तत्काळ नकार दिला नाही. "उद्या कळवतो" म्हणालो. रात्री जेवणानंतर, म्हणजे आमच्याकडे सूर्यास्तापूर्वी, ही गोष्ट आईच्या कानावर गेली. तिने चाळीस वर्षे कल्याणच्या बाजारातले आमचे धान्याचे दुकान पाहिले आहे. ती एवढेच म्हणाली, "दर वर्षी वजनांवर सरकारी शिक्का मारून घेण्यासाठी तुझे बापूजी रांगेत उभे राहायचे. या काट्यावर शिक्का नाही, म्हणून का?"

आचार्य उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात, सातव्या अध्यायात, अचौर्यव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. पाठशाळेत ते आपण सर्वांनी घोकले. हीनाधिकमानोन्मान म्हणजे मापात कमीजास्त करणे, आणि प्रतिरूपकव्यवहार म्हणजे खऱ्याच्या जागी खोटे खपवणे. मीटर मागे फिरवणे यांतल्या कोणत्या घरात बसते यावर वाद घालता येईल. मला तर ते दोन्ही घरांत बसलेले दिसते. चोरीचा माल घेणे तो तदाहृतादान. कागदपत्रांविना मिळणारी स्वस्त गाडी घेणाऱ्यालाही म्हणूनच सुटका नाही. सकाळी मी दलालाला नाही म्हणून कळवले. सर्व्हिसच्या पावत्या आणि पेट्रोलची वही समोर ठेवून गाडी खऱ्या आकड्यावर विकली. मागील दार एकदा रंगवले आहे हेही सांगितले. दलालाने सांगितलेल्या भावापेक्षा ऐंशी हजार कमी आले. ते कमी आल्याचे दुःख झाले नाही असे लिहिणे म्हणजे आणखी एक अतिचार होईल.

बाजारात प्रत्येक विकणारा असा विचार करत नाही, म्हणून घेणाऱ्याने खरा आकडा स्वतःच शोधून काढावा. गाडीचा क्रमांक देऊन अधिकृत केंद्रातील सर्व्हिसची नोंद मागवावी. मालकाला सोबत नेले तर ती मिळते. तीन वर्षांपूर्वी ऐंशी हजारांवर सर्व्हिस झालेली गाडी आज पंचावन्न हजार दाखवत असेल तर पुढे बोलण्याची गरज नाही. टायरच्या कडेला चार अंकी खूण असते : २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. तीस हजार चाललेल्या गाडीला तिसऱ्यांदा टायर कसे लागले, हे विचारावे. क्लच आणि ब्रेकच्या पायपट्ट्यांचे रबर, स्टिअरिंगची गुळगुळीत झालेली कड, चालकाच्या बैठकीची बसलेली बाजू यांना मशीन लावता येत नाही. त्याच वेळी केवळ मोठ्या आकड्याने घाबरूही नये. मुंबई-नाशिक महामार्गावर धावलेले एक लाख किलोमीटर गाडीला सोसतात. कल्याण-शीळ रस्त्यावर किंवा घोडबंदरच्या कोंडीत अर्ध्या क्लचवर रांगलेले चाळीस हजार तिला अधिक थकवतात, कारण इंजिन तासन् तास चालते आणि मीटर मात्र जागचा हलत नाही.

गाडी पाहायला दिवसाच जावे. दिव्याच्या उजेडात सगळेच रंग एक दिसतात. पोहोचताच आधी बॉनेटला हात लावावा. ते गरम असेल तर थंड इंजिनाची तक्रार लपवण्यासाठी गाडी आधीच चालू करून ठेवली होती, असे समजावे. तेलाच्या झाकणाखाली दुधाळ थर असेल तर गाडी सोडून द्यावी. मुंब्रा वळणरस्त्याच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये दाबून पाहावी. इंजिनाचा आवाज वाढला आणि वेग वाढला नाही, तर क्लच संपला आहे.

पुराची गोष्ट आपल्या भागात विशेष महत्त्वाची आहे. २६ जुलै २००५ कोणी विसरलेले नाही. जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीच्या पुराने वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली, तेव्हा बदलापूर आणि कल्याणच्या सखल भागांतील तळमजल्यांवर उभ्या गाड्याही बुडाल्या. अशा गाड्या धुऊन, सुगंध मारून काही महिन्यांनी बाजारात येतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा, आत चिखलाची रेषा राहते. बैठकीखालील लोखंडी रुळांवरचा गंज, गालिच्याखालची माती आणि हेडलाइटच्या आतील वाफ यांवरही नजर टाकावी. अशा गाडीची वायरिंग दोन वर्षांनीही दगा देऊ शकते, म्हणून तिचा भाव विचारूच नये.

कागदपत्रांत आपल्या समाजाची एक खास अडचण आहे. गुजरात-राजस्थानातील नातलगाची गाडी घरची म्हणून घेतली जाते आणि तिकडच्याच क्रमांकावर वर्षानुवर्षे ठाण्यात फिरते. बारा महिन्यांपेक्षा अधिक काळ गाडी येथे ठेवायची असेल तर नवी नोंदणी आणि महाराष्ट्राचा कर चुकत नाही. विरुद्धराज्यातिक्रम हा अतिचार आपण घोकतो, तो अशाच प्रसंगासाठी. एम. एच. ०४ ची गाडी एम. एच. ०५ मध्ये आणायला असा नवा कर लागत नाही. गाडी पंधरा वर्षांच्या जवळ आली असेल तर फेरनोंदणीचा खर्चही भावात धरावा. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीचे हे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले, शिवाय हरित कर आणि तंदुरुस्तीची तपासणी आहेच. गाडीवर कर्ज होते का, ते फेडले असल्यास नोंदणीपुस्तकातून बँकेचे नाव निघाले का, दंडाच्या ई-चलनांची बाकी आहे का, हे परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर पाहता येते. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा क्रमांकपट्टी बसवली आहे ना, तेही पाहावे. गाडी पेढीच्या नावावर असेल तर भागीदाराची सही, शिक्का आणि जीएसटीचा प्रश्न येतो. तो आपल्या सीएंना विचारूनच सोडवावा.

विकणाऱ्यानेही एक लक्षात ठेवावे. नमुना २९ आणि ३० वर सह्या करून किल्ली दिली की आपण मोकळे झालो, असे पुष्कळांना वाटते. पण आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव, तोच कायद्याने मालक. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात हेच सांगितले. तेथे गाडी पुढे अनेक हात बदलली होती, तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदीतील पहिल्या मालकावरच आली. म्हणून कोऱ्या नमुन्यांवर सह्या करून दलालाच्या हाती देऊ नयेत. विकणाऱ्याने चौदा दिवसांत आरटीओला कळवावे, घेणाऱ्याने तेवढ्याच दिवसांत विमा आपल्या नावावर करण्यास अर्ज करावा. दावा न केल्याचा बोनस मात्र जुन्या मालकाचा असतो, गाडीचा नव्हे. तो आपल्या पुढच्या गाडीसाठी विमा कंपनीकडून लिहून घ्यावा.

आमच्या गाडीचे हस्तांतर अठराव्या दिवशी झाले. फास्टॅग बंद करायचे मात्र राहून गेले. पुढे दोन महिने नवे मालक खालापूरचा टोलनाका ओलांडून पुण्याला जात राहिले आणि पैसे माझ्या खात्यातून वजा होत राहिले.