नोंदणी नाही, तर फी कशाची?

माननीय संपादक,


बारावीचा निकाल लागला की मुरुडपासून श्रीवर्धनपर्यंत एसटी स्थानकांच्या आसपास फलक झळकू लागतात. ‘एका वर्षात मेडिकल असिस्टंट’, ‘पेशंट केअर’, ‘ओटी असिस्टंट’, आणि खाली ठळक अक्षरांत नोकरीची हमी. आपल्या अंकातही याच दिवसांत अशा जाहिराती येतात. मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवून निवृत्त झाले. आजही मुली आणि त्यांचे आईवडील अर्ज घेऊन माझ्याकडे विचारायला येतात. त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते. ज्या अभ्यासक्रमानंतर शासनमान्य परिषदेच्या नोंदवहीत मुलीचे नाव लागत नाही, त्याला एक रुपयाही देऊ नये. जिथे नाव लागते, तिथे कर्ज काढावे लागले तरी काढावे.

माझ्या एका विद्यार्थिनीचा हिशेब मांडते. वडील होडीवर खलाशी. पनवेलकडच्या एका संस्थेची वर्षाची फी ७०,००० रुपये. राहण्याजेवणाचे महिना ५,५०० म्हणजे ६६,०००. गणवेश, पुस्तके, परीक्षा फी मिळून ९,०००. झाले १,४५,००० रुपये. फी भरायची मुदत नेमकी जून-जुलैत. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या किनाऱ्याला ओढलेल्या, घरात मिळकत शून्य. म्हणून आईच्या गळ्यातले गहाण पडले आणि त्यावर एक लाख उचलले. नऊ टक्क्यांनी महिन्याचे व्याज ७५० रुपये.

वर्षाने ‘हमी’ची नोकरी मिळाली, हे खरे. एका छोट्या खासगी रुग्णालयात बारा तासांची पाळी, पगार ९,०००. तिघींत घेतलेल्या खोलीचे २,५००, डब्याचे ३,०००, जाण्यायेण्याचे आणि फोनचे १,०००. उरले २,५००. त्यातून व्याज गेले की मुद्दल फिटायला चार-पाच वर्षे. तोवर आजारपण नको, घरी लग्नकार्य नको, सणाला कपडा नको!

आणि काम कसले? रात्रपाळीला दहा खाटांच्या वॉर्डात ती एकटी. सलाइनची बाटली बदलायची, युरिन बॅग रिकामी करायची, केसपेपरवर टीपीआर (ताप, नाडी, श्वास) लिहायचा, सांगितले तर इंजेक्शनही द्यायचे. रुग्ण तिला ‘सिस्टर’ म्हणत आणि रुग्णालयही ते चालवून घेई. मग एका रात्री चुकीच्या माणसाला औषध जाता जाता राहिले, आणि तिने मला फोनवर विचारले, ‘बाई, काही झालं असतं तर माझ्याकडे कुठला कागद होता?’ प्रमाणपत्र होते, पण ज्याच्या आधारावर ती ते काम करू शकली असती अशी नोंदणी नव्हती. दीड वर्षाने ती घरी परतली. दागिना अजून सुटलेला नाही.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. परिचारिकेला राज्याच्या परिचर्या परिषदेची नोंदणी लागते. त्यासाठी एएनएम दोन वर्षांचे, जीएनएम तीन आणि बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचे. इतर तंत्रज्ञांसाठी केंद्राने २०२१ मध्ये संलग्न आरोग्य व्यावसायिकांचा कायदा केला. त्यात संलग्न आरोग्य व्यावसायिक म्हणवून घ्यायला किमान २,००० तासांचे आणि दोन ते चार वर्षांचे शिक्षण हवे. मग एका वर्षात हे लोक मुलींना काय बनवतात, हा प्रश्न प्रत्येक पालकाने प्रवेशाच्या टेबलाशी उभे राहून विचारायला हवा.

प्रयोगशाळेच्या अभ्यासक्रमांबाबतही असेच. ‘डीएमएलटी करा, स्वतःची लॅब काढा’ असे आमिष सर्रास दाखवले जाते. तपासणी अहवालावर सही करण्याचा अधिकार पॅथॉलॉजीतील पदव्युत्तर पात्रता असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरलाच आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्येच स्पष्ट केले. तंत्रज्ञाची नोकरी चांगली आणि लागतेही. पण लॅबचा मालक होण्याचे स्वप्न दाखवून फी वाढवणे ही फसवणूक आहे.

‘घरी बसण्यापेक्षा बरे ना? मुलीला विज्ञान झेपले नाही, मग दुसरे काय करणार?’ असे पालक विचारतात. त्यांची तळमळ मला कळते. निसर्ग चक्रीवादळाने ३ जून २०२० ला श्रीवर्धन, दिवेआगरच्या वाड्या झोपवल्या. रोठा सुपारीचे नवे झाड उत्पन्नाला यायला कितीतरी वर्षे लागतात. अशा घराला मुलगी लवकर कमावती व्हावी असे वाटणारच. पण एएनएमला कला शाखेची बारावीही चालते. जीएनएमला विज्ञानाला प्राधान्य असले तरी बारावीला ४० टक्के आणि इंग्रजी विषय असलेली इतर शाखांची मुलगी अर्ज करू शकते. आणि खरोखर फक्त मदतनिसाचे काम शिकायचे असेल, तर कौशल्य विकास योजनांखाली ‘जनरल ड्यूटी असिस्टंट’चे काही महिन्यांचे प्रशिक्षण विनाशुल्क मिळते. त्यातून मिळणारी नोकरी आणि ७०,००० भरून मिळणारी नोकरी यांत रुग्णालयाच्या लेखी काडीचाही फरक नसतो.

सर्वांत मोठे नुकसान तर अनेकांच्या लक्षातच येत नाही. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात शंभर टक्के सवलत दिली. आपल्या किनाऱ्यावरच्या आगरी, कुणबी घरांतल्या कितीतरी मुली यात बसतात. अट एवढीच की संस्था मान्यताप्राप्त हवी आणि प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून हवा. बीएस्सी नर्सिंगची सीईटी याच प्रक्रियेचा भाग. जी मुलगी सीईटीचा अर्ज न भरता फलक वाचून थेट संस्थेत जाते, ती सरकार भरायला तयार असलेली फी स्वतःच्या आईचा दागिना मोडून भरते.

नोंदणी झाली म्हणजे सगळे सुरळीत होते असे मी म्हणत नाही. जीएनएम खासगीत करायचे तर राहण्याजेवण्यासह तीन वर्षांत चार-साडेचार लाख सहज जातात, आणि लहान रुग्णालये नव्या परिचारिकेला तेरा-चौदा हजारांवर राबवून घेतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर नेमलेल्या केंद्रीय समितीने पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही परिचारिकेला किमान २०,००० द्यावेत असे सुचवले. आपल्या राज्यात ते कागदावरच राहिले. राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या कंत्राटी कर्मचाऱ्यांना २०२३ च्या अखेरीस कायम होण्यासाठी राज्यभर संप करावा लागला. तरीही फरक मोठा आहे. अधिपरिचारिकेच्या कायम जागेला सातव्या वेतन आयोगाप्रमाणे मूळ वेतनच ३५,४०० पासून सुरू होते, आरोग्यसेविकेला २५,५०० पासून. नोंदणी असलेली मुलगी या जागांची परीक्षा तरी देऊ शकते. श्रीवर्धन, म्हसळ्याकडून आखाती देशांत जाणाऱ्यांची परंपरा जुनी आहे. तिकडे परिचारिका म्हणून जायचे तरी आधी नोंदणीच विचारतात. अमेरिकेतल्या मेडिकल असिस्टंटचे वर्षाचे मध्यम वेतन २०२३ मध्ये सुमारे ४२,००० डॉलर होते. ते आकडे दाखवून इथे प्रवेश घेणाऱ्यांनी आपले प्रमाणपत्र तिथे कोण मानतो, तेही सांगावे.

हा केवळ मुलींच्या पगाराचा प्रश्न नाही. महाड परिसरात डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर उपचार शोधले, त्याची कीर्ती जगभर गेली. अशा रुग्णाची नाडी, रक्तदाब, श्वास तासन्‌तास पाहत राहावे लागते. आमच्या ग्रामीण रुग्णालयांत रात्री ते पाहणारे शिकलेले डोळे कमी आहेत. रुग्ण अलिबागला किंवा थेट मुंबईला हलवतात आणि वाट वळणावळणाची, खाडीची. मुली हव्या आहेत, जागा हव्या आहेत, आणि मधे अर्धवट शिक्षणाचा बाजार भरला आहे.

अलिबागला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२१ पासून सुरू झाले. त्याच्या जोडीने परावैद्यक आणि परिचर्या अभ्यासक्रमांच्या भरपूर शासकीय जागा आणि दक्षिण रायगडच्या मुलींसाठी वसतिगृह मिळावे, यासाठी पालकमंत्री आणि स्थानिक आमदारांनी जोर लावावा. जिल्हा परिषदेने प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयात निकालाआधी मान्यताप्राप्त संस्थांची यादी लावावी. त्याला खर्च एका कागदाचा.

आपल्याकडे माझी एक थेट मागणी आहे. अशा संस्थेची जाहिरात घेताना तिच्याकडून परिषदेच्या मान्यतेचा क्रमांक मागून घ्यावा आणि तो जाहिरातीतच छापावा. क्रमांक देता येत नसेल तर जाहिरात घेऊ नये. येत्या प्रवेश हंगामापासून हे सुरू करावे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, मुरुड (जि. रायगड)