शिक्षण शुल्क माफ, लॅपटॉपचे काय?

बारावीच्या निकालात कोकण विभाग राज्यात पहिला, या मथळ्याचे आता कोणालाच अप्रूप राहिलेले नाही. २०२५ मध्येही राज्याचा निकाल ९१.८८ टक्के असताना कोकणाने ९६.७४ टक्क्यांपर्यंत मजल मारली. अवघड वाट सुरू होते ती निकालानंतर. मालवण तालुक्यातील धामापूर बाहेरच्यांना ठाऊक आहे ते १५३० मध्ये बांधलेल्या तलावामुळे. २०२० मध्ये या तलावाला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा दर्जाही मिळाला. अशा गावातील मुलगा वा मुलगी संगणकशास्त्राला किंवा माहिती तंत्रज्ञानाला प्रवेश घेते, तेव्हा घरात पहिला विषय निघतो तो लॅपटॉपचा. कोणता घ्यायचा, केवढ्याला घ्यायचा आणि पैसे आणायचे कोठून?

वरकरणी हा दुकानातला प्रश्न वाटतो. प्रत्यक्षात तो शासनाच्या शिक्षणविषयक हिशेबातला आहे. राज्य सरकारने ८ जुलै २०२४ च्या निर्णयाद्वारे वार्षिक आठ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्णपणे माफ केले. निर्णय स्वागतार्हच होता. परंतु ज्या यंत्रावाचून हे शिक्षण पुरे होऊ शकत नाही, ते या हिशेबात कोठेच नाही. प्रोग्रामिंग हा वहीत उतरवून शिकण्याचा विषय नव्हे (विद्यापीठाच्या लेखी परीक्षेत प्रोग्राम आजही कागदावरच लिहावे लागतात, हा भाग वेगळा). चुका करीत, त्या दुरुस्त करीत, तासन् तास बसूनच तो येतो. महाविद्यालयातील प्रयोगशाळा असते, पण तिच्या तासिका मोजक्या. आणि मालवण वा कुडाळला ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्याचे घड्याळ एसटीच्या वेळापत्रकावर चालते. शहरातल्या मुलाला उशिरापर्यंत थांबता येते, याला शेवटची गाडी गाठायची असते.

मग यंत्र कोणते? येथे जाहिरात आणि गरज यांच्यात मोठे अंतर आहे. पहिल्या वर्षी शिकवल्या जाणाऱ्या सी, जावा, पायथन किंवा एसक्यूएल यांना फारशी ताकद लागतच नाही. साध्या यंत्रावरही ते सुखाने चालतात. अडचण येते ती पुढे, मोबाइलची अॅप बनवण्याच्या वेळी. अँड्रॉइड स्टुडिओ या प्रणालीला किमान ८ जीबी रॅम लागते आणि संगणकाच्या पडद्यावरच आभासी मोबाइल चालवायचा झाल्यास १६ जीबी. म्हणजे ८ जीबीचे यंत्र पहिल्या वर्षी पुरेल, शेवटच्या वर्षी रडकुंडीला आणील. जुने जाणते म्हणत, आज ८ घ्या, पुढे वाढवा. हा सल्ला तेव्हा बरोबर होता. आता अनेक सडपातळ लॅपटॉपमध्ये रॅम मूळ बोर्डावरच डाख देऊन बसवलेली असते. ती पुढे बदलता येत नाही. त्यामुळे प्रोसेसरचा आकडा विचारण्याआधी दुकानदाराला विचारावे, रॅमची जागा मोकळी आहे काय? एसएसडी बदलता येते काय?

या प्रश्नाला २०२५ च्या अखेरीपासून आणखी एक धार आली. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभारल्या जाणाऱ्या प्रचंड डेटा सेंटरना लागणाऱ्या मेमरीकडे उत्पादकांनी आपली क्षमता वळवली आणि सर्वसामान्य संगणकातील रॅमच्या किमती जगभर भडकल्या. सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्यांच्या हाती हा बाजार जवळजवळ एकवटला आहे. त्यांपैकी मायक्रॉनने डिसेंबर २०२५ मध्ये, किरकोळ ग्राहकांसाठीचा आपला क्रुशियल हा व्यवसायच बंद करीत असल्याचे जाहीर केले. आपल्याकडे २०२३ मध्ये १७ हजार कोटी रुपयांची उत्पादन प्रोत्साहन योजना मंजूर झाली, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लॅपटॉपच्या आयातीवर परवान्याचे बंधन घालण्याची घोषणा झाली आणि लगेच ती लांबणीवरही टाकावी लागली. जुळणी येथे झाली तरी आतली मेमरी बहुतांशी परदेशातूनच येते. ‘पुढे वाढवू’ म्हणून ८ जीबीवर भागवणारे कुटुंब म्हणूनच दुहेरी जोखीम घेते. जागा नसेल तर वाढवता येणार नाही, आणि असेल तर तेव्हा तिचा भाव काय असेल, हे कोणी सांगू शकत नाही. ऐपत असल्यास प्रोसेसर एक पायरी खालचा घेऊन रॅम आरंभीच १६ जीबी घेणे अधिक शहाणपणाचे.

दुकानात मात्र मुलांचे डोळे खिळतात ते रंगीत दिव्यांच्या गेमिंग लॅपटॉपवर. ‘कोडिंगला हाच लागतो’ असे सांगितले जाते, ते बहुतांशी खरे नाही. त्यातील स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाचा उपयोग मशीन लर्निंगमध्ये होतो. पण तेवढ्यापुरते गुगलचे कोलॅब विनामूल्य वापरता येते. अर्थात त्यासाठी नेटवर्क हवे, आणि २०२० च्या टाळेबंदीत ऑनलाइन वर्गांसाठी डोंगर चढलेल्या सिंधुदुर्गातील मुलांना या ‘अर्थात’चा अर्थ वेगळा सांगायला नको.

कोकणात खरी कसोटी लागते ती विजेची. पावसाळ्यात झाड पडले, तार तुटली, की दिवसाचा भरवसा नाही. मे २०२१ च्या तौक्ते चक्रीवादळानंतर तर किनाऱ्यावरील गावे कित्येक दिवस अंधारात होती. साध्या लॅपटॉपला लिखाण-वाचनासारख्या कामात आठ-दहा वॅट पुरतात, म्हणजे ४० वॅट-तासांची बॅटरी चार-पाच तास तग धरते. त्याचा चार्जर ४५ किंवा ६५ वॅटचा असतो, घरातला छोटा इन्व्हर्टरही तो पेलतो. गेमिंग यंत्राचा चार्जर दीडशे-दोनशे वॅटचा, वजन दोन-अडीच किलोच्या घरात, आणि वीज गेली की बॅटरी लवकरच मान टाकते. रोज एसटीत पाठीवर वाहून न्यायचे असेल तर तेही गणितात धरावे. दमट, खाऱ्या हवेत कळफलक आणि पंखा लवकर खराब होतात. म्हणून तंत्रज्ञ घरी येणारी वॉरंटी आहे, की यंत्र सेवा केंद्रावर पोचवायचे आहे, आणि ते केंद्र कुडाळला आहे की थेट कोल्हापूर-पणजीला, याची चौकशी खरेदीआधीच झालेली बरी. मुंबईतल्या चाकरमान्याने गणपतीला येताना स्वस्तात आणलेले यंत्रही याच प्रश्नापाशी अडते.

नवे परवडत नसेल तर कंपन्यांनी वापरून काढलेले मजबूत बांधणीचे लॅपटॉप हा वाईट पर्याय नाही. मात्र विंडोज १० ची मोफत सुरक्षा सुविधा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आणि विंडोज ११ ला इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. त्याहून जुने यंत्र ‘स्वस्त’ म्हणून गळ्यात मारले जाण्याची शक्यता आता वाढली आहे. लिनक्स वापरण्याची तयारी असेल तर तेही चालेल. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे लिनक्सविषयीचे पाठ मराठीतही आहेत. सुरू होताना जुन्या कंपनीचा पासवर्ड मागणारे यंत्र मात्र मुळीच घेऊ नये.

तमिळनाडूने २०११ पासून विद्यार्थ्यांना मोफत लॅपटॉप दिले, उत्तर प्रदेशानेही तो मार्ग चोखाळला. महाराष्ट्रात अशी सरसकट योजना नाही. केंद्राने ऑक्टोबर २०११ मध्ये गाजावाजा करून आणलेल्या ‘आकाश’ टॅब्लेटचा अनुभव पाहता, केवळ स्वस्त यंत्र वाटण्याने फारसे साधत नाही हेही खरे. परंतु काहीच न देणे आणि वर कर घेणे, हे कोणत्या धोरणात बसते? लॅपटॉपवर १८ टक्के वस्तू व सेवा कर आहे. पन्नास हजारांच्या यंत्रात सुमारे ७,६०० रुपये कराचेच. नोंदणीकृत व्यापाऱ्याला व्यवसायासाठीच्या खरेदीवर हा कर वळता करून घेता येतो, काजू विकून आलेल्या पैशांतून मुलीसाठी यंत्र घेणाऱ्या बापाला नाही.

मदतीच्या वाटा अगदीच नाहीत असे नव्हे, पण त्या ठाऊक असाव्या लागतात. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची ‘प्रगती’ शिष्यवृत्ती पात्र मुलींना वर्षाला ५० हजार रुपये देते आणि ती रक्कम संगणकासाठी वापरण्यास स्पष्ट मुभा आहे. उत्पन्नाची मर्यादा आठ लाख, एका कुटुंबातील दोन मुलींपर्यंत. मालवणच्या शासकीय तंत्रनिकेतनातील पदविकेची विद्यार्थिनी तिला पात्र ठरू शकते. मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. (आयटी) करणारी तिचीच शेजारीण मात्र ठरत नाही, कारण ही शिष्यवृत्ती परिषदेची मान्यता असलेल्या तांत्रिक पदवी-पदविकांपुरती आहे. अर्ज प्रवेशानंतर भरायचा असल्याने पैसेही यंत्र घेण्याच्या वेळी हाती नसतात. शैक्षणिक कर्जाची वाट त्यामानाने मोकळी आहे. बँक संघटनेच्या आदर्श योजनेत अभ्यासक्रमासाठी आवश्यक असलेल्या संगणकाची खरेदी कर्जात धरता येते आणि चार लाखांपर्यंत स्वतःचा हिस्सा भरावा लागत नाही. बहुतेक पालक शुल्कापुरतेच कर्ज मागतात. लॅपटॉपचे कोटेशन आणि अभ्यासक्रमाला तो आवश्यक असल्याचे महाविद्यालयाचे पत्र पहिल्याच अर्जाला जोडावे; शुल्काचे कर्ज एकदा मंजूर झाल्यावर नव्याने रक्कम वाढवून मागायची म्हणजे कुडाळ-मालवणच्या आणखी चार फेऱ्या.