पाचवे नख

शिकारी आणि मेंढवाड्यावरच्या कुत्र्यांची पैदास करणाऱ्यांत, विशेषतः ब्रिटन-अमेरिकेत, एक जुना रिवाज आहे. पिल्लू तीन-चार दिवसांचे असते, त्याचे डोळेही उघडलेले नसतात. तेवढ्यात त्याच्या पुढच्या पायांच्या आतल्या अंगाला, जमिनीपासून थोडे वर असलेले पाचवे बोट नखासकट कात्रीने उडवले जाते. इंग्रजीत त्याला ड्यू क्लॉ म्हणतात. आपण सरळ अंगठा म्हणू, कारण शरीररचनेच्या हिशेबाने तो अंगठाच आहे. कापणाऱ्यांचा पूर्वपक्ष असा की हे बोट जमिनीला टेकत नाही, म्हणजे ते बिनकामाचे. काट्याकुट्यांत धावताना ते अडकते, नख उपटते आणि ऐन हंगामात कुत्रा लंगडा होऊन बसतो. तेव्हा पिल्लाला फारसे कळत नाही त्या वयातच ते काढून टाकणे ही एक प्रकारची दयाच. हे बोलणारे क्रूर लोक नव्हेत. त्यांच्यातल्या अनेकांची हयात कुत्र्यांत गेलेली असते, म्हणून त्यांचे म्हणणे झटकून टाकता येत नाही. ते तपासावे लागते.

‘जमिनीला टेकत नाही’ हे निरीक्षण उभ्या कुत्र्याचे आहे आणि कामाचा कुत्रा उभा राहण्यासाठी पाळत नाहीत. तो भरधाव सुटला की पुढच्या पायाचे मनगट इतके मागे वाकते, की एरवी अधांतरी दिसणारी मनगटामागची गादी जमिनीला लागते आणि अंगठाही टेकतो. धावता धावता झपकन वळताना शरीराचा सगळा भार एका पायावर येतो आणि मनगटाला पीळ बसतो. त्या क्षणी अंगठा माती धरतो. तो नुसता कातडीला लटकलेला नाही. त्याला स्वतःची हाडे आहेत, सांधा आहे, स्नायूंच्या कंडरा येऊन त्याला जोडलेल्या आहेत. हाडूक चघळताना कुत्रा ते पुढच्या दोन पायांत कसे धरतो एवढे पाहिले तरी अंगठा काय करतो ते कळते. कुत्र्यांच्या क्रीडावैद्यकात नाव असलेल्या अमेरिकी पशुवैद्य क्रिस झिंक यांनी हा मुद्दा लावून धरला आहे. अंगठा नसलेल्या कुत्र्यांच्या मनगटावर जादा ताण येतो आणि पुढे तिथे संधिवात दिसतो, असे त्यांचे म्हणणे. हे वैद्याचे निरीक्षण आहे, नियंत्रित प्रयोग नव्हे. पण 2018 साली अमेरिकन पशुवैद्यक संघटनेच्या नियतकालिकात अजिलिटीच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीत धावणाऱ्या कुत्र्यांच्या बोटांच्या दुखापतींची एक पाहणी प्रसिद्ध झाली. पुढचे अंगठे नसलेल्या कुत्र्यांत बोटांना इजा होण्याची शक्यता अधिक, असे तीत आढळले. पाहणी मालकांनी दिलेल्या माहितीवर बेतलेली होती, आणि दोन गोष्टी जोडीने दिसल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही, हे खरेच. तरीही ज्यांचा दावाच ‘कापल्याने दुखापत टळते’ असा आहे, त्यांच्या तराजूत हा पुरावा उलट्या पारड्यात पडतो.

इथे पुढचा अंगठा आणि मागचा अंगठा यांत फरक करायला हवा. या वादातला निम्मा गोंधळ दोन्हींना एकच नाव दिल्याने झाला आहे. साधारण कुत्र्याच्या पुढच्या पायांना पाच-पाच आणि मागच्यांना चार-चार, अशी अठरा नखे असतात. मागच्या पायांनाही एकेक जादा नख आले की आपल्याकडे त्याला वीसनखी म्हणतात, आणि असा कुत्रा तिखट निघतो असे ठासून सांगणारे भेटतात. (नखे मोजून धाडस ठरत असते तर काय हवे होते!) हे मागचे बोट पुष्कळदा हाडाशी न जोडलेले, नुसत्या कातडीवर लोंबकळणारे असते. लांडग्याच्या पुढच्या पायाला अंगठा असतो, मागच्या पायाला तो सहसा दिसत नाही. दिसलाच तर प्राणिशास्त्रज्ञांना कुत्र्याशी संकर झाल्याचा संशय येतो. लांडगा तर जन्मभर काट्याकुट्यांतूनच धावतो. पुढचा अंगठा खरोखरच निव्वळ अडथळा असता, तर तोही मागच्याच्या वाटेने गेला असता. लोंबकळणारे मागचे नख वारंवार अडकत असेल तर ते काढण्याला माझी हरकत नाही. मात्र तेही सरसकट नको. फ्रान्सच्या बोसरॉन या मेंढपाळी कुत्र्याच्या जातिलक्षणांतच मागच्या पायांना दुहेरी अंगठे हवेत असे आहे, आणि तो काही दिवाणखान्यातला कुत्रा नव्हे.

लांडग्याच्या या दाखल्यावर जाणकार आक्षेपक आफ्रिकी रानकुत्रा पुढे करील. कुत्र्याच्या कुळातला हा एकच प्राणी, ज्याच्या पुढच्या पायांना चारच बोटे दिसतात, आणि मैलोन्‌मैल पाठलाग करण्यात त्याचा हात धरणारे थोडे. मग अंगठ्यावाचून अडते कुठे? आक्षेप तोलाचा आहे, पण 2020 साली प्रसिद्ध झालेल्या शवविच्छेदनाच्या अभ्यासाने त्यालाच वेगळे वळण दिले. त्या प्राण्याच्या कातडीखाली अंगठ्याचा अवशेष सापडला, आणि एरवी अंगठ्याला जोडले जाणारे स्नायू दुसरीकडे जोडले गेलेले दिसले. म्हणजे निसर्गाने लाखो वर्षांत अंगठा आटवला तेव्हा भोवतालची सारी बांधणीही बदलली. कात्री फक्त बोट नेते. मागे राहिलेल्या कंडरांनी कुठे जायचे याची सोय ती करत नाही.

आता दुखापतीचे. अंगठ्याला इजा होते, नख मुळापासून उपटते, भळभळा रक्त येते. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण पायाच्या इतर बोटांनाही इजा होते, आणि ती आधीच कापून टाका असे कोणी म्हणत नाही. अंगठ्याचे नख इतरांइतके झिजत नाही, म्हणून ते वाढून वळते आणि अडकते. शिवाय वर सांगितलेल्या पाहणीतच लांब नखे हाही दुखापतीचा एक धोका म्हणून पुढे आला. तेव्हा उपाय नखे वेळच्या वेळी कापण्याचा आहे. तो कंटाळवाणा आहे, आयुष्यभर करावा लागतो, आणि बोट एकदाच कापून मोकळे होता येते, एवढाच काय तो फरक. शेपटीच्या बाबतीत असा हिशेब झालेला आहे. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या अभ्यासात एका कुत्र्याच्या शेपटीची इजा टाळायला सुमारे 500 कुत्र्यांच्या शेपट्या छाटाव्या लागतील असे निघाले. कामाच्या कुत्र्यांत हा आकडा खाली येईल, हे मान्य. पण निरोगी अवयव काढा म्हणणाऱ्याने अंगठ्यासाठीही असा आकडा मांडला पाहिजे. ‘आमच्या एका कुत्र्याचे फार हाल झाले’ एवढ्याने भागत नाही.

पिल्लाला कळत नाही हा युक्तिवाद तर फार जुना आहे. एके काळी तो माणसांच्या तान्ह्या बाळांवरच्या शस्त्रक्रियांसाठीही वापरला जाई. 1996 साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी तीन ते पाच दिवसांच्या 50 पिल्लांच्या शेपट्या छाटल्या जाताना नोंदी केल्या. छाटताना ती सगळी किंचाळली. थोड्या वेळाने ती शांत होऊन आईला लुचू लागतात, हे खरे. त्यावरून वेदना लवकर ओसरली असे फार तर म्हणता येईल. ती झालीच नाही, असे नव्हे.

कायद्याने तरी हा गुंता सोडवला असेल, तर तसेही नाही. आपल्या 1960 च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्यात प्राण्याला विकलांग करणे गुन्हा आहे, आणि गुरांची शिंगे काढणे, खच्चीकरण, डागणे, वेसण घालणे यांना सूट आहे. कुत्र्याच्या अंगठ्याचे नाव त्या सुटीत नाही. इंग्लंडात 2006 च्या कायद्यानंतर शेपटी छाटायची तर पिल्लू पाच दिवसांच्या आतले हवे, ते कामासाठीच वाढवले जाणार याचा पुरावा हवा, आणि छाटणारा पशुवैद्यच हवा. अंगठ्याला यातले काहीच लागत नाही. 1966 च्या पशुवैद्यक कायद्याच्या परिशिष्टानुसार अठरा वर्षे पूर्ण झालेला कोणीही तो कापू शकतो, भूल न देता. अट एकच, पिल्लाचे डोळे उघडलेले नसावेत.