आठ दिवसांत पांच शहरें!

गेल्या मार्च महिन्यांत आमच्या परिचयाचे एक गृहस्थ एक कागद घेऊन आमच्याकडे आले. ते स्वतः, त्यांची पत्नी, चौदा वर्षांची मुलगी आणि सत्तरी ओलांडलेली आई अशा चौघांचा उत्तर युरोपचा प्रवास त्यांनीं आंखला होता. कागदावर कोपनहेगन, स्टॉकहोम, हेलसिंकी, ऑस्लो व बर्गेन हीं पांच शहरें एकाखालीं एक लिहिलीं होतीं, प्रत्येकासमोर गाडीची वेळ होती, आणि तळाशीं लाल शाईनें ‘एकूण दिवस ८’ असा आंकडा होता. “सारा प्रवास आगगाडीनें. विमान केवळ जाण्यायेण्यापुरतें. कांहीं राहिलें असेल तर सुचवा,” असें ते मोठ्या समाधानानें म्हणाले. आम्हीं कागद दोनदां वाचला आणि सांगितलें कीं, राहिलें कांहींच नाहीं; उलट दोन शहरें अधिक झालीं आहेत. हें त्यांस रुचलें नाहीं. “एवढे पैसे खर्चून जायचें आणि दोन देश सोडून यायचें?” असा त्यांचा सवाल होता.

हा लेख त्या गृहस्थांविरुद्ध नाहीं. त्यांचा कागद त्यांच्या एकट्याचा असता तर आम्हीं तो हंसून परत दिला असता. परंतु तोच कागद, शहरांचीं नांवें बदलून, आज आमच्या मध्यमवर्गाच्या घरोघर तयार होत आहे. अष्टविनायक दोन दिवसांत ‘करण्याची’ जी संवय आम्हांस जडली आहे, तीच आम्ही सातासमुद्रांपलीकडे नेली आहे. ‘पाहणें’ हें क्रियापद मागें पडून ‘करणें’ पुढें आलें. “आम्हीं स्वीडन केलें, नॉर्वे राहिलें,” असें सुशिक्षित माणसें बोलतात आणि त्यांत कोणाला कांहीं वावगें वाटत नाहीं. या वृत्तीशीं आमचें भांडण आहे.

प्रथम साधा हिशेब पाहूं. कोपनहेगनहून स्टॉकहोमला वेगवान गाडीनें सुमारें पांच तास लागतात. स्टॉकहोमहून ऑस्लोला पांच ते सहा. ऑस्लोहून बर्गेनला सुमारें सात. बर्गेनहून पुन्हां कोपनहेगनला यावयाचें तर ऑस्लोपर्यंत तेच सात तास, आणि तेथून गोथेनबर्गला गाडी बदलून आणखी आठेक. हे झाले तेहतीस तास. राहिलें हेलसिंकी. तेथें स्टॉकहोमहून आगगाडी जातच नाहीं! मध्यें बाल्टिक समुद्र आहे. जमिनीवरून जाऊं म्हणाल तर बोथनियाच्या आखातास उत्तरेकडून वळसा घालून हापारांडा व टोर्निओ या सीमेवरच्या गांवांपर्यंत जावें लागेल. आणि तेथेंही स्वीडनचे रूळ १४३५ मिलिमीटर रुंदीचे तर फिनलंडचे १५२४ मिलिमीटर. रुळांची रुंदी बदलली कीं प्रवाशाचे काय हाल होतात, हें मिरजेच्या जुन्या प्रवाशांस सांगावयास नको. म्हणून लोक रात्रीच्या जहाजानें जातात. जाण्यास सोळा-सतरा तास आणि येण्यास तितकेच. आमच्या स्नेह्यांच्या कागदावर या ओळीपुढें ‘रात्रीं झोप, वेळ वांचला’ असा शेरा होता. तथापि सोळा तास कोणी झोपत नाहीं. जागेपणाचे नऊ तास प्रत्येक खेपेस समुद्रावरच जाणार.

आतां दिवसाचे जागे तास सोळा धरले, तर आठ दिवसांचे एकशें अठ्ठावीस होतात. त्यांतून गाड्यांचे तेहतीस आणि जहाजाचे अठरा वजा करा. शिवाय दर वेळीं मुक्काम हलवितांना सामान बांधणें, खोली सोडणें, स्थानक गांठणें, नव्या गांवीं खोली शोधणें यांत दोन-अडीच तास सहज मोडतात. असे मुक्काम सहा वेळां हलणार. म्हणजे जाग्या तासांतील सुमारें निम्मे वाटेंतच संपले. पहिला दिवस विमानाच्या शिणवट्याचा आणि शेवटचा परतीच्या घाईचा. उरलेल्या वेळांत पांच शहरें! बरें, उत्तरेचा दिवसही फसवा आहे. जूनमध्यें स्टॉकहोमला अठरा तासांहून अधिक सूर्यप्रकाश असतो. त्यामुळें रात्रीं नऊलाही दुपार वाटते. परंतु सूर्य वर आहे म्हणून संग्रहालयाचें दार उघडें राहत नाहीं; पुष्कळशीं दारें सायंकाळीं पांच-सहाच्या सुमारास बंद होतात. हिंवाळ्यांत गेलांत तर डिसेंबरचा उजेडच मुळीं सहा तासांचा.

हा हिशेब आम्ही पुस्तकांतून सांगत नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं असाच एक कागद आम्हींही केला होता. त्यांत एका जंक्शनावर गाडी बदलण्यास अठरा मिनिटें ठेविलीं होतीं, आणि एवढ्या अचूकपणाचा आम्हांस अभिमान होता. जुलै महिना होता. उत्तरेकडील देशांत रुळांच्या दुरुस्तीचीं मोठीं कामें बहुधा उन्हाळ्यांतच निघतात, कारण थंडींत तीं करतां येत नाहींत. वाटेंत कांहीं मैल गाडीऐवजीं बसनें नेलें, अठरा मिनिटें केव्हांच संपलीं, आणि पुढची गाडी आमच्या डोळ्यांदेखत सुटली. ज्या शहरासाठीं आम्हीं एक दुपार राखून ठेविली होती, ती दुपार आम्हीं फलाटावरच्या बांकावर घालविली. त्या रेल्वेचा दोष थोडा होता. आमच्या कागदाचा फार. ज्या योजनेंत एक गाडी चुकतांच सारा डोलारा कोसळतो, तिला योजना म्हणूं नये. तो जुगार होय.

कोणी म्हणेल कीं, विमानानें जा म्हणजे तास वांचतील. वांचतात, पण दिसतात तितके नाहींत. स्टॉकहोमचा मोठा विमानतळ गांवापासून सुमारें चाळीस किलोमीटरांवर आणि ऑस्लोचा जवळजवळ पन्नासावर आहे. एका तासाचें उड्डाण घरापासून घरापर्यंत मोजलें तर चार तासांचें होतें. गाडीस त्याहून तास-दीड तास अधिक लागतो. मात्र त्या तासांत माणूस देश पाहतो. स्टॉकहोम-ऑस्लो ही गाडी कार्लस्टाडवरून, वेनेर्न या स्वीडनमधील सर्वांत मोठ्या सरोवराच्या कांठच्या गांवावरून जाते. हा वेर्मलंड प्रांत सेल्मा लागरलोफ यांचा. १९०९ सालीं वाङ्मयाचें नोबेल पारितोषिक मिळविणारी ही पहिली स्त्री. हंसाच्या पाठीवरून स्वीडन पाहणाऱ्या मुलाची त्यांची जगप्रसिद्ध कथा मुळांत शाळेंतील मुलांना देशाचा भूगोल शिकविण्यासाठीं लिहिलेली होती. भूगोल असा, रमतगमत व उंचसखल अनुभवीत शिकावयाचा असतो. आणि कोपनहेगन सोडतांच गाडी समुद्राखालच्या चार किलोमीटरांच्या बोगद्यांत शिरते, पेबरहोम या मुद्दाम रचलेल्या बेटावर उजेडांत येते, आणि जवळजवळ आठ किलोमीटर लांबीच्या पुलावरून, वरच्या मजल्यावर मोटारी व खालच्या मजल्यावर आपण, अशी स्वीडनमध्यें पोंचते. २००० सालीं खुला झालेला हा मार्ग स्वतःच एक प्रेक्षणीय स्थळ आहे. त्या वेळीं मान खालीं घालून पुढच्या गाडीची वेळ पाहत बसणाऱ्यास काय म्हणावें?

दुसरा आक्षेप पैशाचा. ‘पैसे वसूल’ हा शब्द मध्यमवर्गाच्या तोंडीं सहज येतो आणि त्यांत आम्हांस हंसण्यासारखें कांहीं दिसत नाहीं. वर्षानुवर्षें पोटाला चिमटा घेऊन साठविलेला पैसा एका सहलीवर खर्च होतो. तो कारणीं लागावा ही अपेक्षा रास्तच आहे. पण वसुली कशानें मोजावयाची? शहरांच्या संख्येनें मोजली तर प्रत्येक नव्या शहराबरोबर नवें भाडें, आणि डेन्मार्क, स्वीडन व नॉर्वे या तिन्ही देशांचीं नाणीं वेगळीं असल्यानें पैसे बदलण्याची नवी घट. युरोपबाहेरच्या प्रवाशांस जो रेल्वेचा पास मिळतो, तो घेतला कीं ‘पास वसूल’ करण्यासाठीं आणखी गाड्या वाढविण्याचा मोह होतो. आणि स्वीडनच्या वेगवान गाड्यांत पास असूनही जागेचें आरक्षण निराळे पैसे देऊन करावें लागतें. दोनच लांबचे प्रवास असतील तर दोन-तीन महिने आधीं काढलेलीं सुटीं तिकिटें बहुधा स्वस्त पडतात. प्रवेशपत्राच्या अर्जाचेंही तेंच. शेंगेन देशांचा नियम असा कीं, ज्या देशांत मुक्काम सर्वांत अधिक त्याच्याकडे अर्ज करावा, मुक्काम सारखेच असतील तर जेथें प्रथम पाऊल टाकणार त्याच्याकडे. ज्याच्या कागदावर कोणत्याच देशास दोन रात्री धड नाहींत, त्याचा गोंधळ अर्जापासूनच सुरू होतो. कमी शहरें हा श्रीमंतांचा चोचला नव्हे. तोच काटकसरीचा मार्ग आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत बळकट, आणि त्याला आम्ही मान देतों. “पुन्हां कोण येणार आहे?” सत्तरीच्या आईला पुन्हां नॉर्वे दिसणार नाहीं, हें खरेंच आहे. पण याच कारणासाठीं आम्ही म्हणतों कीं, जें पुन्हां दिसणार नाहीं तें एकदां तरी नीट दिसूं द्या. आळंदीहून पंढरपूरला मोटारीनें कांहीं तासांत जातां येतें हें वारकऱ्यास ठाऊक नाहीं काय? तरी तो अडीचशे किलोमीटर पायीं चालतो. ज्यांच्या संस्कृतींत वाटेलाच देवाचें महत्त्व दिलें, त्यांनींच परदेशीं जाऊन वाटेशीं असें वैर करावें, याचें आम्हांस वैषम्य वाटतें.

आणि नॉर्वे मराठी माणसास परका आहे असें तरी कोठें आहे? १९३३ सालीं ‘नाट्यमन्वंतर’ संस्थेनें रंगभूमीवर आणलेलें वर्तकांचें ‘आंधळ्यांची शाळा’ हें ब्यर्नसन या नॉर्वेच्या नाटककाराच्या नाटकावरून घेतलेलें होतें. अनंत काणेकरांचें ‘घरकुल’ इब्सेनच्या नाटकावरून उतरलें. मराठी रंगभूमीनें नवें वळण घेतलें तें बऱ्याच अंशीं या दोघांच्या हाताला धरून. ऑस्लोच्या राष्ट्रीय नाट्यगृहापुढें त्या दोघांचे पुतळे उभे आहेत. १८९९ सालीं उघडलेलें तें नाट्यगृह मुख्य स्थानकापासून अवघ्या एका भुयारी थांब्यावर आहे; तेथून कांहीं पावलांवर, इब्सेननें अखेरचीं वर्षें जेथें काढलीं तें घर आहे. आमच्या स्नेह्यांच्या कागदावर ऑस्लोला मिळाले होते चार तास. पैकीं एक जेवणाचा.

मग करावें काय? आमची सूचना साधी आहे. कोपनहेगनला उतरावें, दोन रात्री राहावें. दिवसाच्या गाडीनें स्टॉकहोमला जावें, तीन रात्री राहावें. पुन्हां दिवसाच्या गाडीनें ऑस्लोला जावें, दोन रात्री राहावें, आणि तेथूनच विमानानें परतावें. जाण्याचें विमान एका शहराचें आणि परतीचें दुसऱ्या, असें तिकीट मिळतें. त्यामुळें आलेली वाट पुन्हां तुडवावी लागत नाहीं. प्रवास दोनच, तास अकरा. ज्यास डोंगर व फियॉर्ड यांचीच ओढ असेल, त्यानें स्टॉकहोम सोडावें आणि १९०९ सालीं पुरा झालेल्या बर्गेन रेल्वेस एक पुरा दिवस द्यावा. ती गाडी बाराशें मीटरांहून अधिक उंचीच्या माळावरून जाते आणि तिला तो मान शोभतो. पण दोन्ही हव्यात म्हणूं नये.

स्टॉकहोमला राहाल तेव्हां वासा हें जहाज निवांतपणें पाहा. स्वीडनच्या राजानें तें चौसष्ट तोफांनीं सजविलें. वरचा भार अधिक झाला, तळाचें वजन अपुरें पडलें, आणि १० ऑगस्ट १६२८ रोजीं पहिल्याच सफरीवर सुमारें तेराशें मीटर जातांच तें वाऱ्याच्या झोतानें कलंडून बुडालें. ३३३ वर्षांनीं, १९६१ सालीं, तें वर काढलें. आमच्या स्नेह्यांस आम्हीं एवढेंच विचारलें कीं, तुमच्या कागदावर तोफा किती झाल्या आहेत?

ते उत्तर देणार तोंच त्यांच्या मातोश्री, ज्या इतका वेळ गप्प होत्या, म्हणाल्या, “अरे, शाळेच्या संमेलनांत मीं ‘घरकुल’ बसविलें होतें. मुलींनीं इतकें सुंदर केलें! तें ज्याचें मूळ, त्या माणसाचें घर मला पाहूं दे. मग तुम्ही हेलसिंकीला जा नाहींतर कोठेंही जा. मी खालीं बांकावर बसून राहीन.” गृहस्थ निरुत्तर झाले. आई नातवंडांसाठीं, सुनेसाठीं, मुलाच्या हौसेसाठीं चालली आहे, असेंच त्यांनीं धरलें होतें. तिला स्वतःला काय पाहावयाचें आहे, हें कोणीं विचारलेंच नव्हतें. पांच शहरांच्या यादींत त्या प्रश्नाला जागा नव्हती.

कागद त्यांनीं परत नेला. हेलसिंकीवर आमच्यासमोरच रेघ मारली. बर्गेनपुढें मात्र प्रश्नचिन्ह ठेवून गेले. तें प्रश्नचिन्ह कसें सुटलें हें अद्याप आम्हांस कळलेलें नाहीं. परंतु ज्यांच्या घरीं असा कागद आज लिहिला जात असेल, त्यांस आमची एवढीच विनंति आहे कीं, गाड्यांच्या वेळा पाहण्यापूर्वीं घरांतील प्रत्येकास एकदां विचारावें, ‘तुला काय पाहावयाचें आहे?’ आणि मग शहरें मोजावीं.